मोबाइलवर लक्षणं भरली, पण ती वाचणार कोण?

दोन वर्षांपूर्वीची, ऐन पावसाळ्यातली गोष्ट आहे. डोंबिवली पूर्वेला राहणाऱ्या माझ्या एक जुन्या पेशंट, सगळे त्यांना काकूच म्हणतात. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं, केमोथेरपीचा तिसरा डोस नुकताच झालेला. हॉस्पिटलने त्यांच्या मुलाच्या मोबाइलवर एक अ‍ॅप टाकून दिलं होतं. ताप, मळमळ, जुलाब, थकवा, सगळं रोज संध्याकाळी त्यात भरायचं. मुलगा आयटीतला, शिस्तीचा. एकही दिवस चुकवला नाही.

डोसनंतर नवव्या दिवशी, शुक्रवारी रात्री, काकूंना 101 ताप आला. मुलाने अ‍ॅपमध्ये भरला. स्क्रीनवर हिरवी खूण आली, ‘धन्यवाद, तुमची माहिती नोंदवली गेली आहे.’ शनिवारी ताप थोडा वाढला, चार जुलाब झाले. तेही भरलं. पुन्हा हिरवी खूण. रविवारी संध्याकाळी काकू बाथरूमच्या दाराशी कोसळल्या. जवळच्या हॉस्पिटलमध्ये पोहोचल्या तेव्हा वरचं ब्लडप्रेशर 80 होतं आणि पांढऱ्या पेशी फक्त 600. पाच दिवस आयसीयूत काढले. वाचल्या.

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, शनिवार-रविवारी आलेल्या नोंदी सोमवारी सकाळी उघडायच्या अशी त्या हॉस्पिटलात पद्धत होती.

मी फार चिडलो होतो. पण काकूंच्या सुनेने शांतपणे स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. शनिवारी सकाळी तिने मला व्हॉट्सअ‍ॅप केलं होतं, ‘डॉक्टर, आईंना ताप आहे, क्रोसिन देऊ का?’ आणि त्याखाली माझं उत्तर होतं, वर केलेला अंगठा. बाहेर ओपीडीत पंचवीस-तीस माणसं बसलेली, पावसाळा, डेंग्यूचे दिवस, आणि त्या गडबडीत केमोची तारीख मला आठवली नाही. मी विचारलीही नाही. म्हणजे लक्षणांची नोंद एक सोडून दोन ठिकाणी झाली होती. एका ठिकाणी ती कुणी वाचली नाही, आणि दुसऱ्या ठिकाणी मी वाचूनही वाचली नाही.

हल्ली मला पेशंट विचारतात, ‘डॉक्टर, कॅन्सरच्या पेशंटने लक्षणं नोंदवायचं अमुक अ‍ॅप घेऊ का?’ तेव्हा मला हा अंगठा आठवतो. म्हणून हा लेख.

नवव्या दिवसाचं काय विशेष?

केमोथेरपीची बरीचशी औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, पण हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या रक्तपेशी, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, केसांची मुळं, हेही तसंच असतं. म्हणून केस गळतात, तोंड येतं, जुलाब होतात. पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सगळ्यात खाली जातात. औषधानुसार हे दिवस थोडे पुढेमागे होतात. त्या काळात शरीराकडे जंतूंशी लढायला फौजच नसते. इतरांना जो ताप ‘बघू दोन दिवस’ म्हणून काढता येतो, तो या पेशंटला काही तासांत धोक्यात नेऊ शकतो. यात भर म्हणजे फौज नसल्यामुळे पू होत नाही, सूज फारशी येत नाही, कधी छातीच्या एक्सरेतही काही दिसत नाही. ताप ही एकच घंटा वाजत असते. आणि क्रोसिन काय करते? ती घंटा बंद करते. जंतू तिथेच राहतात.

सांगायचा मुद्दा हा की केमोच्या डोसानंतरचे तीन आठवडे पेशंट हॉस्पिटलात नसतो, घरी असतो. पंधरा-वीस मिनिटं ऑन्कॉलॉजिस्टसमोर आणि उरलेले वीस दिवस डोंबिवलीत, टिटवाळ्यात, बदलापुरात किंवा घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमध्ये. त्या वीस दिवसांत काय घडलं ते पुढच्या भेटीत सांगायचं असतं. तेव्हा अर्धं विसरलेलं असतं, आणि अर्धं मुद्दाम लपवलेलं असतं. ‘खरं सांगितलं तर डोस पुढे ढकलतील’ ही भीती मी कितीतरी पेशंटच्या तोंडून ऐकली आहे. डॉक्टरांच्या कागदावर मग ‘त्रास विशेष नाही’ असं लिहिलं जातं. अमेरिकेतले कॅन्सरतज्ज्ञ डॉ. ईथन बॅश यांनी 2010 मध्येच लिहिलं होतं की औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी डॉक्टर करतात, त्यात पेशंटचा आवाज हरवतो.

त्याच बॅश यांच्या एका अभ्यासामुळे या सगळ्या अ‍ॅप्सना जोर आला. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग हॉस्पिटलात पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणारे 766 पेशंट निवडले. काहींची नेहमीसारखी देखभाल केली. बाकीच्यांनी भूक, मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठ, वेदना, धाप, थकवा, हातापायांना मुंग्या अशा बारा लक्षणांची नोंद कॉम्प्युटरवर करायची. एखादं लक्षण तीव्र झालं किंवा अचानक वाढलं की नर्सला ईमेल जायचा. 2017 मध्ये निकाल जाहीर झाला. नोंद करणाऱ्या गटातल्या पेशंटचं सरासरी (म्हणजे गटाच्या मधल्या पेशंटचं) आयुष्य 31.2 महिने, दुसऱ्या गटाचं 26. पाच महिन्यांचा फरक! पसरलेल्या कॅन्सरमध्ये नव्या महागड्या औषधांनाही कित्येकदा एवढं जमत नाही. फ्रान्समध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवर असाच प्रयोग झाला, तिथेही फायदा दिसला.

वर्तमानपत्रांत बातम्या आल्या त्या ‘अ‍ॅपमुळे आयुष्य वाढलं’ अशा. मी तो अभ्यास वाचला तेव्हा माझी नजर दुसऱ्याच आकड्यावर थांबली. नर्सकडे गेलेल्या दर शंभर इशाऱ्यांपैकी 77 वेळा तिने काहीतरी केलं. फोन केला, औषध बदललं, डोस कमी करायला सांगितलं, तपासायला बोलावलं. मला विचाराल तर ते पाच महिने त्या नर्सने मिळवले. कॉम्प्युटर पोस्टमनचं काम करत होता.

आणखी एक गोष्ट त्या अभ्यासात दिसली, जी आपल्याकडच्या घरांसाठी महत्त्वाची आहे. ज्यांना आधी कॉम्प्युटरची अजिबात सवय नव्हती, त्यांना फायदा उलट जास्त झाला. ‘आमच्या बाबांना हे जमणार नाही’ असं म्हणणाऱ्या मुलांनी हे ध्यानात घ्यावं.

अर्थात, चित्र सगळीकडे इतकं गोड नाही. त्याच मंडळींनी पुढे अमेरिकेतल्या 52 लहान-मोठ्या कॅन्सर केंद्रांत 1191 पेशंटवर मोठा अभ्यास केला. पेशंटने आठवड्यातून एकदा नोंद करायची, इंटरनेटवर किंवा साध्या फोनवर आकडा दाबून. पेशंटचं जगणं सुधारलं, हिंडणं-फिरणं सुधारलं, इमर्जन्सीत धावायची पहिली वेळ लांबली, पण आयुष्य लांबलं असं या वेळी दिसलं नाही. तरी मी याला अपयश म्हणणार नाही. उलट्यांशिवाय गेलेला आठवडा ही काय छोटी गोष्ट आहे का? पण कुणी अ‍ॅप विकताना ‘आयुष्य पाच महिने वाढतं’ असं छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याने पुढचा अभ्यास वाचलेला नाही, किंवा वाचून लपवला आहे.

‘तुमच्या थकव्याची तीव्रता नमूद करा’

बहुतेक अ‍ॅप्सचं मराठी असं असतं. इंग्रजी प्रश्न कुणीतरी शब्दाला शब्द लावून उतरवलेला. आमचे पेशंट असं बोलत नाहीत. ते म्हणतात ‘अंगात कणकण आहे’, ‘गळून गेल्यासारखं वाटतं’, ‘तोंडाला चव नाही’, ‘कसंतरीच होतंय’. आता ‘कसंतरीच’ला शून्य ते दहामध्ये किती मार्क द्यायचे? मी विचारतो, ‘काल पोळ्या तुम्ही लाटल्यात की सुनेने?’ ‘स्टेशनचा जिना एका दमात चढलात का?’ ‘आंघोळ झाल्यावर आडवं व्हावं लागतं का?’ या तीन प्रश्नांत जेवढं कळतं तेवढं कुठल्याही पट्टीवर कळत नाही.

चांगलं मराठी करता येतं, याचं उदाहरण आपल्या जवळच आहे. कॅन्सर पेशंटच्या जीवनमानाची युरोपात वापरली जाणारी प्रश्नावली टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरच्या पेशंटसाठी हिंदी-मराठीत आणून, आपल्याच पेशंटवर तपासून 2005 मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा स्मार्टफोन कुणाच्या हातात होते! म्हणजे प्रश्न कसे विचारावेत याची शिस्त आपल्याकडे वीस वर्षांपूर्वीच होती. आज टाटाच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरातली तीनशेहून अधिक केंद्रं आहेत, आणि डिजिटल कामासाठी त्यांचं वेगळं केंद्रही आहे. माझी त्यांच्याकडून अपेक्षा साधी आहे. प्रश्न ठरवताना एखाद्या दिवशी कल्याणच्या एखाद्या जनरल प्रॅक्टिशनरच्या ओपीडीत येऊन बसा.

दुसरी अडचण, अ‍ॅप भरतो कोण? फोन मुलाचा, उत्तरं मुलाची. आई रात्रभर तोंडातल्या फोडांनी जागी आणि मुलगा सकाळी ‘सौम्य’वर बोट ठेवून ऑफिसची लोकल पकडतो. मुलगा वाईट नाही. आईने त्याला सांगितलेलंच नसतं. आपल्याकडच्या बायका दुखणं सांगताना काटकसर करतात, हे मला तीस वर्षांत पाठ झालं आहे.

आणि तिसरी अडचण नाजूक आहे. आजही कितीतरी घरांत पेशंटला ‘गाठ होती, काढली’ एवढंच सांगितलेलं असतं. मुलं मला बाजूला घेऊन म्हणतात, ‘डॉक्टर, बाबांसमोर तो शब्द काढू नका.’ आणि मग त्याच बाबांच्या फोनवर सकाळी आठ वाजता संदेश झळकतो, ‘तुमचा कॅन्सर प्रवास कसा चालला आहे?’ प्रवास म्हणे! लपवावं की नाही हा वेगळा विषय आहे (माझं मत, लपवू नये, बहुतेक वेळा पेशंटला कळलेलंच असतं). पण ते सांगायचं काम माणसाने, समोर बसून करायचं असतं.

कालनिर्णय आणि थर्मामीटर

ज्यांना अ‍ॅप नको किंवा जमत नाही, त्यांच्यासाठी मी गेली दोन वर्षं एक बिनखर्चाचा उपाय वापरतो. जवळजवळ प्रत्येक मराठी घरात भिंतीवर कालनिर्णय असतं. दुधाचा हिशेब, गॅस सिलेंडर कधी लावला, कामवालीचे खाडे, सगळं त्या चौकटींत लिहिलेलं असतं. तिथेच केमोच्या तारखेला गोल करायचा. त्यापुढच्या सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या चौकटींवर लाल रेघ मारायची. रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावून आकडा लिहायचा. जुलाब किती, उलट्या किती, दुखण्याला दहापैकी किती, एवढं पेन्सिलीने. पुढच्या तपासणीला जाताना त्या पानाचा फोटो काढायचा. ऑन्कॉलॉजिस्टला वीस दिवस एका नजरेत दिसतात. त्यांच्यापैकी एकांनी मला फोन करून ‘ते कॅलेंडर फार उपयोगी पडलं’ असं सांगितलं, तेव्हा खरं सांगतो, एमडीच्या निकालाएवढा आनंद झाला.

पण कॅलेंडरही बोलत नाही. ते वाचून उठायला माणूस लागतोच. म्हणून कुठल्या गोष्टीला नुसतं लिहायचं आणि कुठल्या गोष्टीला उठायचं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त आला, किंवा ताप नसतानाही हुडहुडी भरून थंडी वाजली, तर लिहीत बसू नका. क्रोसिन देऊन वाट बघू नका. त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. तिथे पहिलं वाक्य बोलायचं ते ‘केमो चालू आहे, अमुक तारखेला डोस झाला’. रक्ततपासणी लगेच व्हायला हवी आणि शिरेतून अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासात सुरू व्हायला हवं. नेहमीपेक्षा चार-पाच जुलाब जास्त झाले, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, तोंडातल्या फोडांमुळे गिळता येत नाही, कुठूनही रक्त येतं, धाप लागते, छातीत दुखतं, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो, तर त्याच दिवशी दाखवायचं, रात्र असली तरी. आणि एक लक्षण जे घरी हमखास ‘उशी बदला’ म्हणून सोडून दिलं जातं, ते म्हणजे कॅन्सरच्या पेशंटची नव्याने सुरू झालेली पाठदुखी. तिच्याबरोबर पायातली ताकद कमी झाली किंवा लघवी अडली तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्यात काही तासांचा उशीरही पाय कायमचे घालवू शकतो.

इम्युनोथेरपी घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा की तिचे त्रास केमोसारखे ठरलेल्या दिवशी येत नाहीत. औषध थांबल्यावर काही महिन्यांनीसुद्धा जुलाब किंवा धाप सुरू होऊ शकते. आमच्यासारखे फॅमिली डॉक्टर ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून गोळी देऊन मोकळे होतात. इलाज मात्र पूर्णपणे वेगळा असतो. तेव्हा आम्हाला आठवण करून द्या, आम्हाला राग येणार नाही.

ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. रात्री ताप आला की नातेवाईक म्हणतात, ‘आमची ट्रीटमेंट परळला आहे, तिकडेच नेतो.’ मग गाडीची शोधाशोध, शिळफाट्याचा किंवा मुलुंडचा ट्रॅफिक, दोन-अडीच तास. तो वेळ या पेशंटकडे नसतो. रात्री रक्त तपासणारं आणि शिरेतून अँटिबायोटिक देणारं हॉस्पिटल जवळच गाठा आणि तिथूनच परळच्या डॉक्टरांशी फोन जोडा. ते हॉस्पिटल कोणतं, हे केमो सुरू व्हायच्या आधीच ठरवून ठेवा. ताप आल्यावर गूगल करायचं नाही.

आता मूळ प्रश्न. अ‍ॅप घ्यावं का?

जरूर घ्या, पण हॉस्पिटलने अ‍ॅप हातात दिलं की तिथल्या तिथे विचारा. मी भरलेलं कोण वाचणार? त्या माणसाचं नाव आणि फोन नंबर? किती तासांत? शनिवारी रात्री आणि गणपतीच्या सुट्टीत काय? ताप भरल्यावर अ‍ॅप नुसतं ‘धन्यवाद’ म्हणेल, की ‘आत्ता हॉस्पिटलला जा’ असं मराठीत सांगेल? आमच्या फॅमिली डॉक्टरना ही नोंद दिसेल का? उत्तरं टाळली गेली, तर ते अ‍ॅप म्हणजे एक वही आहे असं समजा. वही वाईट नाही, फक्त तिच्या भरवशावर झोपू नका. हॉस्पिटल चालवणाऱ्यांना माझं स्पष्ट मत ऐकवतो. अ‍ॅपवर खर्च करायचे पैसे मर्यादित असतील, तर आधी रात्रपाळीला फोन उचलणारी एक प्रशिक्षित नर्स नेमा. अ‍ॅप नंतर आलं तरी चालेल.

इंटरनेटवरून स्वतःहून उतरवलेल्या फुकटच्या अ‍ॅप्सबद्दल मी जरा जास्तच संशयी आहे. तिथे वाचणारं कुणी नसतंच, आणि तुमच्या आजाराची माहिती कुणाकडे जाते याचा पत्ता नसतो. 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे, पण तुम्ही ‘मान्य आहे’वर बोट ठेवताना काय मान्य केलंत, हे आधी वाचलेलं बरं. अशा नोंदी भरल्यावर कॅन्सर ‘मुळापासून’ बरा करणाऱ्या पावडरींच्या जाहिराती दिसायला लागल्या, तर ते अ‍ॅप काढून टाका.

आणि उपचार संपल्यावर, सगळं ठीक असताना, रोज स्वतःला तपासत बसू नका. माझे एक पेशंट तीन वर्षं रोज थकवा मोजत होते. थकवा त्या मोजण्याचाच होता.

त्या रविवारनंतर मी माझ्या ओपीडीत एक बदल केला आहे. केमो चालू असलेल्या प्रत्येक पेशंटची डोसाची तारीख आता माझ्या टेबलावरच्या वहीत असते आणि रिसेप्शनवरच्या ताईंकडेही असते. त्या यादीतल्या नावाने ‘ताप’ शब्द असलेला मेसेज आला की त्या ओपीडी थांबवून मला आत येऊन सांगतात. बाहेर बसलेले कधी कधी कुरकुरतात. कुरकुरू देत. व्हॉट्सअ‍ॅपवर अशा मेसेजला अंगठा पाठवायचा नाही, फोनच करायचा, असा नियम मी स्वतःला घातला आहे. तुम्हालाही विनंती, रात्री ताप असेल तर मेसेज करून निळ्या खुणांची वाट बघू नका, फोन करा. मी उचलला नाही तर हॉस्पिटलला निघा आणि वाटेतून पुन्हा करा. आणि घरात कुणाची केमो सुरू होणार असेल, तर पहिल्या डोसाच्या आधी एकदा फाइल घेऊन दाखवायला या. त्या दिवशी औषधाची चिठ्ठी लिहायची नाही, फक्त तारखा लिहून घ्यायच्या आहेत.